टिटवी उठेपर्यंत

जंगलाची झाडं जिथे विरळ होत जातात आणि नदीचं दगडगोट्यांचं पात्र सुरू होतं, त्या उतारावर एक टिटवी राहत असे. मुलांनो, टिटवी म्हणजे लांब पिवळ्या पायांची, डोळ्यांपुढे लाल कातडं असलेली, आणि जरा काही हललं की सगळं रान डोक्यावर घेणारी. तिला झाडावर बसता येत नाही. घरटं म्हणाल तर तेही नाही. जमिनीत उथळसा खळगा करायचा, भोवती खडे लावायचे, झालं घर. अंडीही खड्यांच्याच रंगाची, कोणाच्या डोळ्यांत भरू नयेत म्हणून.

पण या टिटवीची अंडी सगळे मुद्दाम बघायला येत. कारण त्या काठावर एक जुनी रीत होती. पावसाळ्याआधी टिटवी उतारावर ज्या उंचीला अंडी घालेल, त्याच्या वर त्या वर्षी पुराचं पाणी चढत नाही, असं सगळे मानत. टिटवी खाली, तर पूर लहान. टिटवी वर, तर पूर मोठा. उन्हाळा कलला की सगळ्यांचे डोळे तिच्याकडे लागत. तिने अंडी घातली की बिळात राहणारे त्याच्या वितभर वर बीळ उकरत आणि निर्धास्त होत. ही रीत कधीच चुकलेली नाही, असं जो तो सांगे. चुकली तेव्हाचं सांगायला कोणी उरलं नसेल, हेही शक्य आहे. पण हा विचार माझा, त्या प्राण्यांचा नव्हे.

तर, त्या वर्षी काय झालं, की म्हातारी टिटवी हिवाळ्यातच वारली आणि तिच्या जागी ही तरुण टिटवी आली. तिची ही पहिलीच अंडी. तिने ज्याला त्याला विचारून पाहिलं, "कुठे घालायची हे कसं ठरवायचं हो?" सगळे हसून म्हणाले, "अगं, वेळ आली की आतून कळतं!"

आई होणाऱ्या प्रत्येकीला हे कोणीतरी सांगतंच. सांगणारीला ते कोणी सांगितलेलं असतं, देव जाणे.

टिटवी आतून कळण्याची वाट बघत राहिली. वर जाऊन उभी राहिली, तर पायांना दगड भाजले. खाली जाऊन उभी राहिली, तर डोहाचा गारवा लागला. कळलं मात्र काहीच नाही. पोटात फक्त जडपणा होता. एका सकाळी तो अगदी असह्य झाला, तेव्हा तिने इकडेतिकडे पाहिलं. उताराच्या मध्यावर, करंजाच्या झुडपाखाली, एक सशीण आपल्या तीन पिल्लांना घेऊन पहुडली होती. टिटवीच्या मनात आलं, ही तीन लेकरांची आई. हिला नक्की माहीत असणार. आणि तिने सशिणीच्या शेजारीच खळगा करून चार अंडी घातली.

सशीण डुलकीतून जागी झाली, बघते तो शेजारी टिटवी!

"अगं बाई!" ती ओरडलीच. "इथे घातलीस? इथे? देव पावला म्हणायचा! मी तर आज उद्या वर जाणार होते गं. वर उन्हाने पोरांच्या कानांना चटके बसायला लागले म्हणून दोन घटका सावलीला आले, आणि जिवाला घोर की पाणी आलं तर? आता काही चिंता नाही. आता मी कुठे जातेय!"

टिटवीने चोच उघडली, आणि मिटली. तिला सांगायचं होतं की ताई, मी तुम्हाला बघून घातली. पण सशिणीच्या तोंडावर इतका सुटकेचा भाव होता, की तो आपल्या चोचीने टोचवेना. शिवाय, खरं सांगायचं तर, दुसरंही एक कारण होतं. पिल्लं तोंडात धरून वर नेता येतात. अंडी नेता येत नाहीत. सशीण गेली, तर त्या उतारावर टिटवी आणि तिचा जोडीदार टिटवा दोघंच उरणार होते.

इतक्यात बातमी ऐकून कासव आणि मुंगूस आले. या दोघांची जोडी काठावर प्रसिद्ध होती. भेटले की भांडत, आणि भेटल्यावाचून त्यांना राहवत नसे. कासव सगळ्यात वयस्क आणि देवभोळं. मुंगूस चौकस. ते कशालाही हुंगल्याशिवाय खरं मानत नसे.

"मी म्हणत नव्हतो?" कासवाने मान बाहेर काढली. "तो वरचा कोणाच्या तोंडून बोलेल सांगता येत नाही. यंदा या पोरीच्या पोटातून बोलला."

"पोटातून अंडी आली, आजोबा," मुंगूस म्हणालं. "बोलणं तुम्हाला ऐकू आलं."

"मग पाणी कुठवर येणार हे हिला कळलं कसं?"

"हवेतली ओल पिसांना कळते. पिसं पोटाला सांगतात, पोट पायांना. यात देव कुठे आला? मी दर वर्षी बघतो. अंडी कुठे होती आणि पुराचं गवत कुठल्या फांदीला अडकलं, दोन्ही हुंगून बघतो. एकदाही चुकलेलं नाही. हे तपासून ठरवलंय, माळ ओढून नाही."

"आणि तपासून यंदा बीळ कुठे उकरणार आहेस?"

मुंगसाने जरा मिशा साफ केल्या. "हिच्या वितभर वर."

"मीही तिथेच," कासव समाधानाने म्हणालं.

टिटवीला हे ऐकून धडकी भरली. "अहो आजोबा, पण मला काही कळलं नव्हतं हो," ती म्हणाली. "वरून नाही की आतून नाही. मी आपलं ठरवलं, इथे घालू या, आणि घातली."

हे ऐकून दोघं एकदमच हसले. दोघांनी एकाच गोष्टीला हसावं, हे काठावर पहिल्यांदाच घडत होतं.

"ठरवलंस? तू?" कासव म्हणालं. "बाळ, पान गळतं ना, तेव्हा त्यालाही वाटत असेल की उडी मीच मारली. करणारा वेगळा असतो."

"या एका बाबतीत आजोबांचं बरोबर आहे," मुंगूस म्हणालं. "ठरवणंबिरवणं काही नसतं. पाय पुढे पडतो, आणि मग डोकं म्हणतं, मीच टाकला. तुझ्या पिसांनी काम केलं. तुला कळायची गरजच नव्हती."

"बघा, हा नास्तिकसुद्धा कबूल करतो!"

"मी तुमचं कबूल केलं नाही. मी माझं सांगितलं."

"पण मला खरंच माहीत नाही," टिटवी काकुळतीला येऊन म्हणाली.

"बांबूत वारा घुमतो, तेव्हा बांबूला गाणं माहीत असतं का?" कासव प्रेमाने म्हणालं, आणि मुंगसाशी भांडत भांडत निघून गेलं.

आता यावर काय बोलणार? कळलं म्हणावं तर कळलं. कळलं नाही म्हणावं तर जास्तच कळलं. मुलांनो, तुम्ही विचाराल की यांपैकी खरं कोणाचं. आमच्या घरी हा प्रश्न बहुधा जेवताना, तोंडात घास असताना येतो, आणि मी "आधी गिळ" म्हणून वेळ मारून नेते. इथेही सध्या तेच करते. पुढे ऐका.

अंडी घातल्यावर थोड्याच दिवसांत एका सकाळी ससाण्याने झडप घालून टिटव्याला नेलं. टिटवीने आकाश फाटेल इतका आक्रोश केला. पण टिटव्या रोजच ओरडतात. त्यामुळे लगेच कोणी मान वर करून पाहिलं नाही.

मग समाचाराला कासव आलं. म्हणालं, "त्याची इच्छा, पोरी. चांगल्याला तो लवकर बोलावतो."

मुंगूस म्हणालं, "ससाण्याच्याही घरी पिल्लं असतात. राग धरू नकोस. रानाचं गणित असंच चालतं."

"गणिताने रडू थांबतं का रे?" कासव तडकलं.

"आणि तुमच्या बोलावण्याने थांबतं?"

झालं, दोघांचं तिथेच जुंपलं. टिटवी त्यांच्यामधून उठली आणि अंड्यांवर जाऊन बसली. ती उठून गेलेली दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

आता सगळी मेहनत तिच्या एकटीवर आली. उन्हाळ्याचा शेवट म्हणजे दगडांवर पाणी टाकलं तर चर्र व्हावं असं ऊन. टिटवी काय करी, डोहावर जाई. तिथे पाण्यात एक चपटा दगड होता, त्यावर उभी राही, कडेच्या पाण्यात बसून पोटाची पिसं चिंब भिजवी, आणि धावत येऊन अंड्यांवर बसून त्यांना गारवा देई. तेवढ्यात पिसं सुकत. की पुन्हा खेप. ती नसताना सशीण अंड्यांवर नजर ठेवी. "जा गं, मी आहे," म्हणे, "पण लवकर ये. माझं ते धाकटं तुझ्या अंड्यांना सुखाने राहू देत नाही."

धाकटं खरंच राहू देत नसे. थोरलं पिल्लू खादाड, मधलं भित्रं, आणि हे चौकशीखोर. दिवसभर टिटवीच्या खळग्याशी घुटमळे.

एकदा त्याने विचारलं, "मावशी, आत कोण आहे?"

"अजून कोणी नाही," टिटवी म्हणाली.

"मग तू कोणावर बसतेस?"

टिटवीने थोडा विचार केला आणि म्हणाली, "जे येणार आहेत त्यांच्यावर."

"तू उठलीस तर ते येणार नाहीत?"

"नाही येणार."

हे धाकट्याला फार महत्त्वाचं वाटलं असावं. त्या दिवसापासून टिटवी डोहावर गेली की ते खळग्याजवळ अगदी शहाण्यासारखं बसून राही.

असेच दिवस गेले, आणि आभाळ कोरडंच राहिलं. लांबच्या डोंगरांवर मात्र काळं काळं साचलं होतं. एके दिवशी टिटवी डोहावर गेली तर चपट्या दगडावर तिचे पाय भिजले. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली तर दगडच सापडेना. पाणी गढूळ झालं होतं आणि खेकडे रांगेने वर निघाले होते. ती तशीच कोरड्या पोटाने परत फिरली.

"ताई, डोहातला दगड बुडाला! पिल्लांना घेऊन वर जा!" ती सशिणीला म्हणाली.

सशिणीचे कान ताठ झाले. ती उठलीसुद्धा. पण टिटवी बोलता बोलता सवयीने अंड्यांवर बसली होती. ते पाहून सशिणीचे कान पुन्हा खाली आले.

"काय घाबरवतेस गं! तू तर बसली आहेस."

"मी अंड्यांवर बसलेय, ताई. अंडी आहेत तोवर मी बसणारच."

"तेच म्हणतेय मी. तू बसली आहेस तोवर मला काळजी नाही. तू उठलीस की आम्ही उठू."

टिटवीने मुंगसाला हाक मारली. त्याची बायको नि पोरंही त्या वितभर वरच्या बिळात होती. मुंगूस लगोलग डोहापर्यंत जाऊन, नाक ओलं करून आलं.

"दगड बुडालाय, हे खरं," ते म्हणालं. "पण त्या दगडाकडे मी आजच पहिल्यांदा लक्ष दिलं. टिटवी मी कितीतरी वर्षं बघतोय. एका दगडासाठी इतक्या वर्षांचं टाकून द्यायचं? तुझ्या पिसांना धोका कळला असता, तर तू आतापावेतो उठली असतीस."

"मला पिसांचं माहीत नाही हो! मी डोळ्यांनी बघून आले!"

"डोळे फसतात. पिसं नाही."

कासव तर निवांत होतं. "परीक्षा बघतोय तो," ते म्हणालं. "डगमगू नकोस. त्याने तुला इथे बसवलंय ते उगाच नाही."

मग टिटवी ओरडू लागली. गळा सुकेपर्यंत ओरडली. टिटीव, टिटीव, टिटीव. उतारावरच्या बिळांतून एकदोघांनी डोकी काढली, टिटवी जागेवर आहे ना हे पाहिलं, आणि डोकी आत घेतली.

ओरडून ओरडून ती थकली, आणि तिच्या मनात एक भलताच विचार आला. हे सगळे जुने, जाणते. एक देवाचं म्हणतो, एक पिसांचं. पण मला कळतं, यावर दोघांचंही एकमत आहे. एवढे सगळे कसे चुकतील? कदाचित मला खरंच कळलं असेल, आणि मलाच ते माहीत नसेल. कदाचित पाणी आपल्या अंड्यांच्या वितभर खाली येऊन थांबेल. या विचाराने तिला किती दिवसांनी बरं वाटलं. ती पंख सैल सोडून बसली.

पाणी आलं ते आवाज न करता आलं. तांबडं, वर फेस, काटक्या, पालापाचोळा. करंजाच्या मुळांपाशी येऊन ते खरोखरच थांबलं.

"बघा!" कासव गहिवरून म्हणालं.

"बघा," मुंगूस शांतपणे म्हणालं.

सशिणीने डोळे मिटून घेतले. टिटवीनेही मिटले.

मग तिच्या पोटाला गार लागलं. इतके दिवस ज्या गारव्यासाठी तिने खेपा घातल्या, तो आता आपल्या पायांनी चालत आला होता. आणि नेमक्या त्याच वेळी एका अंड्यात, अगदी हलके, आतून चोच वाजली.

टिटवीने डोळे उघडले. सशीण तिच्याकडे बघत होती. बिळांच्या तोंडांशी सगळे तिच्याकडेच बघत होते. पाण्याकडे कोणीच बघत नव्हतं. तेव्हा तिला पहिल्यांदा काहीतरी कळलं, आणि ते वरून नाही, आतून नाही, समोरून कळलं. मी अंड्यांवर बसले आहे म्हणून हे बसले आहेत. मी ओरडून काही उपयोग नाही. मी उठले, तरच हे उठतील. आणि मी उठले, तर ही चोच वाजायची थांबेल.

ती उठली.

तिला कोणी उठवलं की नाही, यावर पुढे खूप वाद झाला. तिचं म्हणणं, मी उठले. मी तिच्यावर विश्वास ठेवते.

ती उडाली नाही. सगळ्यांना दिसावं म्हणून ती पायांनी, एकेक पाऊल टाकत उतार चढू लागली, आणि मागे वळली नाही. मग कोणीतरी किंचाळलं, "टिटवी उठली!" आणि सगळा उतार जिवंत झाला. उंदीर, घुशी, सरडे, जो तो वर धावला. मुंगूस बायकोपोरांना घेऊन झाडावर चढलं. कासव पाण्यात शिरलं आणि आरामात पोहत काठाला लागलं. सशिणीने थोरल्याला तोंडात धरलं, वर टाकलं, परत आली. मधल्याला धरलं, वर टाकलं, परत आली.

धाकटं जागेवर नव्हतं. ते टिटवीच्या खळग्यात जाऊन बसलं होतं, चारही अंड्यांवर पोट टेकून, कानापर्यंत भिजलेलं.

"आई, मी बसलोय!" ते ओरडलं. "मावशी उठली ना, म्हणून मी बसलोय!"

सशिणीने उडी घेतली. पण तिच्या आणि खळग्याच्या मध्ये आता नदी होती. पाण्याने तिला करंजावर आपटलं आणि काठावर फेकून दिलं. ती धडपडून उठली तेव्हा खळगा नव्हता, अंडी नव्हती, आणि कोणी हाक मारत नव्हतं.

उताराच्या माथ्यावर, कोरड्या जागी, सगळे दाटीवाटीने बसले. खाली पाणी गरजत होतं. मग कासवाने घसा साफ केला.

"ऐन वेळी त्यानेच तिला उठवलं. नाहीतर आज कोणी वाचलं नसतं."

"पोटाला पाणी लागलं, शरीर उठलं," मुंगूस हळू आवाजात म्हणालं. "आता असं आहे, की अंडी घालताना पिसांची चूक कुठे झाली, ते बघावं लागेल..."

"आजोबा," सशीण म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "तुम्हाला पोहता येतं. मुंगूसभाऊ, तुम्हाला झाडावर चढता येतं. आता दोघांनीही बोलू नका."

दोघं खरंच बोलले नाहीत.

मग ती टिटवीजवळ येऊन बसली. "तुला कधी कळलं, की उठायला हवं?"

"दगड बुडाला तेव्हा."

"आणि उठलीस कधी?"

"पाणी पोटाला लागलं तेव्हा."

"मधल्या वेळात काय करत होतीस?"

टिटवीने मान खाली घातली. "मला वाटत होतं, सगळे म्हणतात तर मला कळत असेल. ताई, मी तुम्हाला बघून तिथे अंडी घातली होती. तुम्हाला माहीत असेल म्हणून."

सशीण नदीकडे बघत राहिली. "मी सावलीला आले होते," ती म्हणाली. मग म्हणाली, "तू तरी सांगायचं होतंस. आणि मी तरी दगड बघायला जायचं होतं." सशिणीने टिटवीला माफ केलं का? ते मला माहीत नाही. ती तिच्याजवळून उठून गेली नाही, एवढं खरं.

पुढच्या उन्हाळ्यात नवा जोडीदार मिळाल्यावर टिटवीने अंडी घातली ती उताराच्या अगदी माथ्यावर. लगेच गर्दी जमली. कासव म्हणालं, "यंदा महापूर! त्याने आधीच सांगून ठेवलं." मुंगूस म्हणालं, "पिसं सुधारली. मी म्हणत होतोच."

"मला काही माहीत नाही," टिटवी म्हणाली. "मी घाबरले, म्हणून वर आले. माझ्या अंड्यांकडे बघू नका. खाली जाऊन पाण्याकडे बघा."

"किती विनय!" कासव म्हणालं. आणि सगळ्यांनी तिच्या वितभर वर जागा शोधायला सुरुवात केली. माथ्याच्या वर काहीच नव्हतं, तरीही.

त्या वर्षी पाणी करंजाच्या मुळांपर्यंतसुद्धा आलं नाही. उलट माथ्यावरच्या उन्हाने टिटवीचं एक अंडं वाया गेलं. म्हणजे वर गेलं की सगळं सुखरूप राहतं, असंही नाही. हे मी गोष्टीतून गाळणार होते, पण मग ती खोटी झाली असती.

मात्र त्या वर्षापासून दोघीजणी एक काम रोज करू लागल्या. सकाळी टिटवी डोहावर जाऊन चपटा दगड बघून येई, तेव्हा सशीण अंड्यांजवळ बसे. दुपारी सशीण जाई, तेव्हा टिटवी तिच्या नव्या पिल्लांवर लक्ष ठेवी. कोणी आजारी असलं तरी खेप चुकत नसे.

एकदा कासवाने सशिणीला वाटेत अडवून विचारलं, "काय गं बाई, रोज रोज जाऊन बघता काय?"

"दगड."

"दगड? आणि देवावर भरवसा नाही?"

"असेल तर त्यालाही घेऊन या," ती म्हणाली. "एकापेक्षा दोघांनी बघितलेलं बरं." आणि ती डोहाच्या दिशेने चालू लागली.

तात्पर्य : पाणी चढताना दिसलं की आधी लेकरांना घेऊन उठावं, आपल्याला कोणी उठवलं, याचा वाद कोरड्या जागी पोचल्यावरही करता येतो.